गॉर्डीच्या हद्दीत एक दाणा जाता कामा नये

१७ मार्च, रविवार

चर्चच्या तळघरात कॉफी. जनेलने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, माझ्या नातीची, ब्रिटाची, पार्टी एक जूनला, शनिवारी. माझी मुलगी असून मला आधी सांगायची पद्धत नाही.

जनेल आणि ब्रिटा औषधाच्या दुकानावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. अंगण नाही. बारावी होऊन शाळा संपली की मिनेसोटात प्रत्येक पोराची पार्टी अंगणात होते, अख्खं गाव घरोघर फिरून हॅमचे बन खातं, आणि खाताना खाली लॉनकडे बघतं. ब्रिटा सहा वर्षांची असताना माझ्या लॉनवर उताणी पडून म्हणाली होती, आजोबा, माझी पार्टी इथेच करायची. मी शब्द दिला होता.

मी काही बोलायच्या आत शेजारचा गॉर्डी पेलोव्स्की, तोंडात लेमन बारचा बोकाणा, म्हणाला, माझं अंगण आहेच की, अडचण पडली तर सांगा. मी म्हणालो, अडचण पडणार नाही.

आत्ता लॉनवर गुडघाभर बर्फ आहे. असू दे. एकतीस वर्षं काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवलाय मी. कुठून हलायचं ते मी बर्फाला सांगतो.

२१ मार्च

लोक बर्फ वितळायची वाट बघत बसतात. मी यंत्र बाहेर काढलं आणि लॉनवरचा बर्फ उडवायला घेतला. मार्लिस खिडकी उघडून ओरडली, अर्विड, बर्फ गाडीच्या वाटेवरचा काढतात! बायकोने नवऱ्याला अख्ख्या गल्लीसमोर असं ओरडू नये.

गॉर्डी कॉफीचा मग घेऊन हद्दीवर येऊन उभा. आमच्यात कुंपण नाही, दोन लोखंडी खुंट्या आहेत, त्यातली एक मी दर वर्षी रंगवतो. म्हणाला, अरे अर्विड, तो आपला आपण वितळतो, फुकटात. मी उत्तर दिलं नाही. यंत्राचं तोंड त्याच्या बाजूला होतं खरं, पण वारा तसा होता. त्याच्या अंगणात माझा सगळा बर्फ गेला. तो काही बोलला नाही. त्याचं हे न बोलणं फार उद्धटपणाचं असतं.

२२ मार्च

कंबर. आडवा.

२९ मार्च

गल्लीत सगळ्यात आधी लॉन दिसायला लागलं ते माझं. रंग गवताचा म्हणता येणार नाही, पण दिसतंय.

जागोजागी करडे-गुलाबी गोल. मार्लिस म्हणते, बर्फाखालची बुरशी, दर वर्षी येते, वारं लागलं की जाते. मला माहीत आहे ते काय आहे. गॉर्डीचा कुत्रा. गोल मोजला, चौदा इंच. कुत्र्यालाही मोजायला गेलो, त्याने हात चाटला. साधारण जुळतं.

४ एप्रिल

दाताळं काढलं. जमीन मऊ झालीय, बूट घोट्यापर्यंत आत जातात. मार्लिसने पेपरातलं कात्रण आणून दिलं. पाऊल उमटून त्यात पाणी साठत असेल तर लॉनवर जाऊ नका, म्हणे. माझ्या प्रत्येक पावलात पाणी साठलं. याचा अर्थ माती उत्तम आहे, पाणी धरून ठेवते. पेपरवाल्यांना कोण सांगणार!

दाताळ्याने मेलेलं गवत निघालं, अकरा पिशव्या. मुळांसकट निघालं. म्हणजे मुळं मुळातच कच्ची होती, ती गेलेलीच बरी.

गॉर्डीने दाताळ्याला हात लावलेला नाही. गॅरेजचं दार उघडं टाकून आत खुर्चीत बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करतो. एवढा ऐतोबा माणूस मी काउंटीच्या नोकरीतसुद्धा पाहिला नाही.

११ एप्रिल

चौदा इंच बर्फ.

टीव्हीवरचा हवामानवाला काल म्हणाला होता, थोडी भुरभुर. त्याला दात आहेत, केस आहेत, अक्कल नाही.

पांघरूण काढलेलं माझं लॉन खाली गारठून पडलंय. कंबर पुन्हा धरली. गॉर्डी न विचारता आपलं यंत्र घेऊन आला आणि आमची गाडीची वाट साफ करून गेला. मी करणारच होतो. मार्लिसने त्याला लेमन बारचा अख्खा ट्रे दिला. त्या ट्रेवर माझा डोळा होता.

२४ एप्रिल

बर्फ गेला. आता शास्त्र. क्रॅबग्रास नावाचं जे दळभद्री तण आहे, ते जमीन ठरावीक ऊबदार झाली की रुजतं. त्याच्या आधी तणनाशकाचे दाणे पडले पाहिजेत. म्हणून रोज सकाळी जमिनीचं तापमान घेतोय, मार्लिसच्या, मांस शिजलं का ते बघायच्या थर्मामीटरने. रविवारी हॅम करपला तो यामुळे नाही. ओव्हनकडे बघायला डोळे पुरतात. तिची आई डोळ्यांनीच बघायची. हे मी तिला सांगितलं. रात्रीपासून बोलत नाही.

दुकानात तणनाशक घेतलं, सगळ्यात जहाल होतं ते. काउंटरवरची व्हर्ना म्हणाली, अर्विड, यानंतर गवताचं बी पेरणार आहेस का? मी म्हणालो, ते माझं मी बघेन. ती म्हणाली, नाही, मी एवढ्यासाठी विचारते की… मी बाहेर पडलो. व्हर्नाला प्रत्येकाच्या अंगणात नाक खुपसायची सवय आहे.

२६ एप्रिल

तणनाशक टाकलं. दाणे विखुरायची ढकलगाडी छान चालते, खालची चकती गरगर फिरते आणि दाणे चहूकडे उडतात. पण चहूकडे म्हणजे गॉर्डीकडेही. त्याचंच क्रॅबग्रास दर ऑगस्टला माझ्याकडे सरकतं आणि वर माझ्या औषधाचा फायदा त्याला? एक दाणा जाता कामा नये. हद्दीवर प्लायवूडची फळी उभी धरली, गाडी ढकलली, फळी पुढे सरकवली, गाडी ढकलली. तीन तास. हद्दीलगत मात्रा दुप्पट दिली. नंतर म्हटलं, सगळीकडेच दुप्पट का नको?

गॉर्डी म्हणाला, काय अर्विड, फळ्या लावून आइस हॉकीचं मैदान बांधतोयस का? स्वतःच हसला. कुत्राही हसल्यासारखा दिसला.

४ मे

बी पेरलं. महागातलं. पिशवीवर एका मुलीचा अनवाणी पाय काढलाय, हिरव्यागार गवतात. बरोबर ब्रिटासारखी. सात ते चौदा दिवसांत उगवतं. पार्टीला चार आठवडे. हिशेब चोख.

फळी आज नाही लावली. कंबर. शिवाय बी जड असतं, उडत नाही. वारा होता थोडा, मी गाडी जरा जोरात ढकलली.

मार्लिस गॅरेजमध्ये तणनाशकाची रिकामी पिशवी वाचत बसली होती. म्हणाली, अर्विड, इथे मागे काय लिहिलंय बघ. मी म्हणालो, पिशव्या नवशिके वाचतात. ती म्हणाली, बरं. तिच्या त्या ‘बरं’ला धार असते. पिशवी शेल्फवर ठेवून गेली, मागची बाजू पुढे करून.

१२ मे, मदर्स डे

आठ दिवस दिवसातून दोनदा पाणी घालतोय. काही नाही. बियाणं सावकाश येणारं दिसतंय. चांगलं बियाणं सावकाशच येतं.

काल मासेमारीचा मोसम उघडला, गॉर्डी तळ्यावर पळाला. लॉन वाऱ्यावर. आणि तरी हद्दीपलीकडे, त्याच्या बाजूला, हिरवी लव. बाळाच्या डोक्यावर असते तशी. गुडघ्यावर बसून पाहिली. माझ्या बाजूला माती. रेघ अशी सरळ की खुंटीला दोरी बांधून आखावी.

हे आपोआप होत नाही.

१८ मे

काही नाही. दोन आठवडे झाले. पार्टीला दोन राहिले.

खूप विचार केला आणि निष्कर्ष एकच निघतो. गॉर्डी माझ्याकडे काहीतरी ओततोय. ‘माझं अंगण आहेच की’ म्हणाला होता मार्चमध्येच. तेव्हापासून कट. हरणांवर पाळत ठेवायचा माझा कॅमेरा आहे, तो पाखरांच्या घराच्या खांबाला बांधला. मार्लिस म्हणाली, तुला वेड लागलंय. वेड लागलेल्या माणसाला कॅमेरा एवढा सरळ बांधता येत नाही.

२० मे

दोनशे बारा फोटो. एकशे नव्वद माझे. मी मागून असा दिसतो हे मला माहीत नव्हतं. एकोणीस खारीचे. तीन गॉर्डीचे! एकात तो हद्दीवर उकिडवा बसून मातीला हात लावतोय.

पुरावा हातात घेऊन तडक गेलो. गॅरेजच्या दारात उभा राहून जे बोलायचं ते सगळं बोललो. कुत्र्यापासून सुरुवात केली, लेमन बारपर्यंत आलो. आत ब्रिटा होती. पार्टीच्या पाट्या रंगवत बसली होती, गॉर्डीच्या टेबलावर, नाकाला निळा रंग. ती आत आहे हे कुणी मला सांगायला नको?

गॉर्डी आवाज न चढवता म्हणाला, अर्विड, ती सहा फुटांची पट्टी तुझ्याच बियांची आहे. बी तुझ्या गाडीतून उडालं. मी त्यावर पाय पडू देत नाही, एवढंच करतो. मी म्हणालो, खोटं! माझं बी तुझ्याकडे उगवतं आणि माझ्याकडे नाही? तो म्हणाला, तेच मी पण बघत होतो उकिडवा बसून.

ब्रिटा म्हणाली, आजोबा, घरी चला. मला कोपराला धरून आणलं. म्हाताऱ्यांना धरतात तसं. रागाने नाही. राग परवडला असता.

२५ मे

जनेल आली. लॉनच्या कडेला उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. नुसता चिखल, तंबूची मेखही धरेना. म्हणाली, बाबा, पार्टी गॉर्डीकडे करतोय. मी म्हणालो, अजून आठवडा आहे. ती म्हणाली, बाबा. बस, एवढंच.

ती गेल्यावर गॅरेजमध्ये जाऊन पिशवी वाचली. दोनदा. हे औषध कुठलंही बी रुजू देत नाही. तण कोणतं आणि पेरलेलं कोणतं, हे त्याला कळत नाही. बारा आठवडे पेरू नये. अक्षर फार बारीक आहे.

अक्षर बारीक नाही. लाल चौकटीत आहे.

फळी लावली नसती तर गॉर्डीकडेही काही उगवलं नसतं. हे सुचून थोडं बरं वाटलं आणि मग फार वाईट वाटलं. पोरीला शब्द दिला होता. दुसरं काही मागितलं नव्हतं तिने माझ्याकडे.

१ जून, शनिवार

ऊन. गॉर्डीकडे तंबू, हॅमचे बन, लोणच्याच्या काकड्या, चर्चमधून आणलेली कॉफीची मोठी किटली. गाव लोटलं.

माझ्याकडे पार्किंग. आठवडाभराच्या उन्हाने माती रस्त्यासारखी टणक झाली होती. ब्रिटाने रंगवलेली पाटी, निळा बाण, ‘गाड्या इथे’. तेवीस गाड्या मी स्वतः लावून घेतल्या, एकीला एक घासली नाही. व्हर्ना गाडीतून उतरताना म्हणाली, अर्विड, मी विचारत होते ते… मी म्हणालो, पुढे हो, मागे गाडी आहे.

चार वाजता ब्रिटा शाळेच्या समारंभाचा निळा झगा सावरत आली. म्हणाली, आजोबा, फोटो. मी म्हणालो, गाड्यांकडे कोण बघणार? ती म्हणाली, गाड्या कुठे पळून जात नाहीत, चला. फोटो त्या पट्टीवरच हवा म्हणाली, कारण ते माझ्या आजोबांचं गवत आहे. असं सगळ्यांना सांगत होती! गॉर्डीने पट्टीभोवती दोरी बांधली होती, कुणी तुडवू नये म्हणून. फोटोपुरती त्याने ती सोडली.

मी बूट काढले. कोवळं गवत आहे, कळायला नको? गार लागलं. ब्रिटाने खांद्यावर डोकं टेकलं. मी दोनदा नाक शिंकरलं, परागकण फार आहेत यंदा.

गॉर्डीला काहीतरी बोलणं भाग होतं. म्हणालो, तुझ्या गवत कापायच्या मशीनची पाती फार खाली आहेत. तो म्हणाला, असतील.

३ जून

गॉर्डीने आज ती पट्टी कापली. फार बुटकी. नव्या गवताला असं कापत नाहीत. सांगायला निघालो, तर मार्लिसने हातात लेमन बारचा ट्रे दिला. म्हणाली, जातोच आहेस तर हे दे, आणि तोंड उघडू नकोस.

तो घरी नव्हता. तळ्यावर. ट्रे पायरीवर ठेवला, वर झाकण ठेवून त्यावर दगड, कुत्र्यासाठी.

येताना हद्दीपाशी थांबलो. पट्टीत क्रॅबग्रासचा एक कोंब. त्याच्या बाजूला. वाकून मुळासकट उपटला. मग दुसरा दिसला, तोही उपटला. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. पट्टी साफ केली.

माझ्याकडे बघितलं. तणनाशक उत्तम आहे हे मान्य करावं लागेल. माझ्या बाजूला तण नाही. काहीच नाही.