तुमच्यावर गेलेला अंगठा

आबा, माझ्या उजव्या पायाचा अंगठा तुमच्यावर गेलाय. नाक आईचं, रंग आजीचा, आणि तुमच्याकडून काय आलं तर हा. सुजला की तसाच लालबुंद, तसाच चकाकतो, आणि पंख्याचा वारा लागला तरी जीव जातो. पहिल्यांदा धरला तेव्हा मी शिकवते त्या शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका म्हणाल्या, गाऊट कसा असेल, तो तर पिणाऱ्या पुरुषांना होतो. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. पाळी गेल्यावर बायकांनाही होतो म्हणाल्या, रक्त तपासलं, युरिक ॲसिड बघितलं आणि विचारलं, घरात कुणाला होता? मी म्हटलं, वडिलांना. पण आमच्याकडे त्याला वात म्हणायचे, आणि त्यावर औषध म्हणून बोकडाच्या पायाचं सूप करायचे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, अहो, युरिक ॲसिड त्यानंच तर वाढतं.

आठवतंय ना ते सूप? गिरणीत पाळीभर कापड विणणाऱ्या साच्यांपुढे उभं राहून तुम्ही नायगावला चाळीत यायचात, आणि अंगठा धरलेला असला की उपडी बादली ओढून तिच्यावर पाय ठेवायचात. आम्ही भिंतीला घासून चालायचो, चुकून धक्का लागला तर काय, म्हणून. आई बोकडाचे पाय आणून भाजायची, तासन् तास शिजवायची. हाडाला हाड लागतं, असं अख्खी चाळ सांगायची. तुम्ही वाटी तोंडाला लावता, घाम येतो, बरं वाटतं म्हणता, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा पाय धरतो. आईच्या मायेत कसर नव्हती. पण त्या सुपानं तुमचं वाटोळं केलं, हे मी आता छातीठोकपणे सांगते. चाळ काहीही म्हणो.

परळच्या डॉक्टरांनी एकदा रोजची गोळी दिली होती, तीही आठवते. तुम्ही ती सुरू केलीत आणि थोड्याच दिवसांत आधीपेक्षा मोठा झटका आला. झालं. गोळीनंच दुखवलं म्हणालात आणि पाकीट गॅलरीतून खाली भिरकावलंत. मग दुखलं की कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून वेदनाशामक, चण्याफुटाण्यासारखं. त्यात मूत्रपिंडं गेली आणि त्यात तुम्ही गेलात. आबा, मला याचा राग येतो. इतकी वर्षं झाली तरी येतो, आणि तो कमी व्हावा असंही वाटत नाही. कारण माझ्याही बाबतीत अगदी तेच झालं. रोजची गोळी सुरू केली आणि अंगठा असा पेटला की चप्पल घालवेना. मीही पाकीट फेकायच्या बेतात होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवातीला सांध्यात साठलेलं हलतं, म्हणून झटका येतो, त्यासाठी ही दुसरी गोळी घ्या. पण पहिली थांबवायची नाही, दुखत असलं तरी नाही. एवढं एक वाक्य. तुम्हाला ते कुणी सांगितलं नाही, की सांगितलं आणि तुम्ही ऐकलं नाहीत, मला माहीत नाही. तुमचा स्वभाव बघता दोन्ही शक्य आहे.

मी गोळी सोडली नाही. पाणी पिते, डाळ-टोमॅटो बिनधास्त खाते, त्यानं वात वाढतो म्हणून शेजारपाजारचे कितीही डोळे वटारोत. पण खाण्यातून जे काढायला सांगितलं त्यात कलेजी, गुर्दा, सुकी मासळी आणि बोकडाच्या पोटाची वजडी होती. बाकी सगळ्याला मी मान डोलावली. वजडीशी अडले.

कारण वजडी म्हणजे आपल्याकडे नुसतं कालवण नव्हतं. नवीन नोकरी लागलेले काका एका रविवारी आले होते तेव्हाचं सांगते. आई चुना लावून, गरम पाण्यात घालून वजडी खरवडत होती, आणि वास बाहेर जाऊ नये म्हणून काका हळूच उठून खिडकी लावायला गेले. तुम्ही चहा घेत बसला होतात, तसेच उठलात. "खिडकी उघडी ठेव. आपण चोरी नाही केलेली. वास चार घरांत जाऊ दे." काका खाली बसले. मी तेव्हा शाळेत होते, आणि त्या दिवसापासून मला कुणापुढे काय खाते हे सांगताना मान खाली घालावी लागलेली नाही. अगदी ट्रेनिंग कॉलेजात, नाकं मुरडणाऱ्या मुलींपुढेही नाही. ती खिडकी तुम्ही उघडी ठेवलीत म्हणून.

आता चाळ पाडताहेत, आबा. सगळ्यांना टॉवरमध्ये घरं मिळणार. खोली रिकामी करायच्या आधीच्या रविवारी गॅलरीत एकत्र जेवण ठरलं, आणि तुमच्या धाकट्या बहिणीनं, आत्यानं, मोठ्या टोपात वजडी टाकली. कांदा-खोबऱ्याचं वाटण, वरती तवंग, दरवळ तळमजल्यापर्यंत. माझ्यापुढे ताट आलं. मी ते बाजूला सारलं आणि भाकरी-पिठलं मागितलं. कुणीतरी म्हणालं, बाई मोठ्या झाल्या. आत्या डाव हातात धरून उभी होती. "काय गं, टावरात जायच्या आधीच वास यायला लागला?"

मला राग आला, आणि बरं झालं आला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "वास येतोय आणि तोंडाला पाणीही सुटतंय. लाजून सोडलेली नाही मी. आबांनी लाजायचं नाही एवढं शिकवलं, ते मी शिकले. पण ते ज्यानं गेले त्यानं मी जाणार नाही. मला या पायांवर चालायचंय." कोण दुखावलं, कुणाला पटलं, मी बघितलं नाही. पिठलं वाढून घेतलं, वर पाणी प्यायले. ज्यांना मी बाटलेली वाटते त्यांना वाटू दे. खुशाल.

आत्या सगळ्यांची जेवणं होईपर्यंत वाढत राहिली. मग हात पुसत शेजारी येऊन बसली आणि हळू आवाजात विचारलं, "तुझा बाप असता तर त्याच्यापुढं असं ताट सारलं असतंस?"

"हो," मी म्हटलं. पटकन म्हटलं.

त्या दिवसापासून तोच शब्द डोक्यात घोळतोय, म्हणून हे लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. कारण आत्याला मी खोटं सांगितलं. तुम्ही समोर असतात, तुमच्या हातानं वाढलं असतंत, तर मी मुकाट्यानं खाल्लं असतं, आणि दुसऱ्या दिवशी लंगडत शाळेत गेले असते.