पिंपाला गाल लावून

आई,

काल बोरीवलीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमच्या आईची पाळी कोणत्या वयात गेली? तिला काय त्रास व्हायचा?" माझ्या तोंडून निघून गेलं, "तिला बाधा झाली होती." बाईंनी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं हे वाक्य घरात बोललं जायचं, पण माझ्या कानांना ते काल पहिल्यांदा ऐकू आलं.

गेलं वर्षभर माझंही तेच चाललंय. छातीतून कढ उठतो, मानेवरून कानापर्यंत चढतो, ब्लाउज पाठीला चिकटतो आणि पाच मिनिटांत थंडीने अंगावर काटा. आमटीत मीठ दोनदा पडतं. लेक म्हणते, "आई, किती भडकतेस गं, वाट लावलीस सकाळची!" आणि मग तीच ओला नॅपकिन पिळून मानेवर ठेवते. बाईंनी सांगितलं, सुती कपडे घाला, चहा-तिखट कमी करा, रोज चाला, थायरॉइड तपासून घ्या. झेपत नसेल तर औषधं आहेत, सोसत बसू नका. सोसत बसू नका, हे तुला कुणी म्हणालंच नाही गं.

चारकोपची ती खोली. मी तेरा वर्षांची. दुपारचे तीन वाजलेत, शाळा सुटून मी दारात येते तर तू मोरीपाशी, पाण्याच्या स्टीलच्या पिंपाला गाल लावून उभी. डोळे मिटलेले, ओठ हलतायत. पिंपाच्या पत्र्यात एक वाकडी बाई तुझ्या गालाला गाल लावून उभी आहे आणि तू तिच्याशीच बोलतेस, असं मला वाटतं. तू बाजूला होतेस, तरी पत्र्यावर गालाचा ओला ठसा राहतो. मी घाबरून आत्याला सांगितलं. ती गावाहून आलेली. म्हणाली, "हिका भायरचा लागला हा. खिडकी उघडू नको गो, वारा आत येतलो." काळा दोरा आला, लिंबू आलं, आणि खोलीची एकुलती एक खिडकी बंद झाली. कडीला हात लावायचा नाही, अशी तिने तुला माझी शपथ घातली. उकळत्या भांड्यावर आम्ही झाकण ठेवलं, बघ.

दुसऱ्या दुपारी मला तुझ्याशेजारी राखणीला निजवलं. "बाय, जरा खिडकी उघड गो," तू म्हणालीस. थांबून पुन्हा म्हणालीस. तिसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा आवाज अगदी बारीक होता. मी हलले नाही. त्यानंतर तू कुणाकडेच काही मागितलं नाहीस. शेवटच्या आजारातसुद्धा आम्ही देऊ तेव्हाच पाणी प्यायलीस.

तुझं पिंप अजून माझ्याकडे आहे. इथे नळाला चोवीस तास पाणी, तरी मी ते भरून ठेवते. लेक ऑफिसला गेलेली असते, तीनला कढ येतो आणि माझा गाल आपसूक पत्र्याला टेकतो. ओठ पुटपुटतात, "आता जाईल, आता जाईल." म्हणजे तू हेच म्हणत होतीस! मी डोळे उघडते. पत्र्यातल्या बाईचा चेहरा तुझा असतो. मी बाजूला होते. पत्र्यावर ओले ठसे दोन असतात. एक माझ्या उंचीचा, एक बोटभर खाली, तुझ्या उंचीचा. मग पाठीमागून तोच बारीक आवाज येतो, आणि मी जाऊन खिडकी सताड उघडते. पावसाची झड आत येते, ओटा भिजतो. संध्याकाळी लेक घरी आली की ओरडते. ओरडू दे. मी एकदाही टाळलेलं नाही.

हे पत्र घडी करून पिंपाच्या झाकणावर ठेवणार आहे. याहून लांब कुठे धाडू?

त्या संध्याकाळी मी तुला म्हटलं होतं, मला झोप लागली होती. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास, म्हणालीस, "बरा झाला, निजलंस ता." मी जागी होते, आई. तिन्ही वेळा ऐकलं. मला तुझीच भीती वाटत होती.