पासष्टावी काच

मी, हिएरोनिम सोबचाक, वय एकाहत्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार रूदा, राजधानी वुच, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, फुप्फुसांबद्दल मात्र त्यांचे मत वेगळे आहे. मला कोणी धमकावलेले नाही. एका बाईने टोमणे मारले आहेत, पण टोमण्यांना कायद्यात दडपण म्हणत नाहीत असे नोटरींनी सांगितले. यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी खरे लिहिले नव्हते.

१. मला माझी पत्नी वांदा हिच्या शेजारी पुरावे. दगडावर फक्त नाव घालावे. ‘राष्ट्राचा फोटोग्राफर’ वगैरे कोरायला कोणी आले तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

२. प्रिंट करायचे यंत्र, तबके आणि लाल दिवा शाळेच्या फोटो मंडळाला द्यावा. कॅमेऱ्याची तिपाई देता येत नाही, कारण पुतण्या काझिक याने ती मला न विचारता विकली आणि वर ‘काका, तुम्हाला आता कुठे लागते?’ असे म्हणाला. लागत होती.

३. सरकारने दिलेले पदक सरकारला परत करावे. घेत नसतील तर काझिकने ते दाराखाली टेकू म्हणून लावावे. दार फार आपटते.

४. आता ज्यासाठी बसलो ते लिहितो.

१९४५ च्या फेब्रुवारीत राजधानी आयोगाने मला वॉर्साला पाठवले. शहर जमीनदोस्त झाले होते. ते पुन्हा उभारायचे की राजधानी इकडे वुचला हलवायची, हे आयोगाला ठरवायचे होते. ‘नुकसान दाखवा’ एवढाच हुकूम होता. माणसे वगळा असे मला कोणीही सांगितले नव्हते. ते माझ्या डोक्यातून निघाले, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

झ्वोता रस्त्यावर, अठरा नंबरच्या घरापाशी, मी पहिला फोटो काढला. घर म्हणजे एक भिंत आणि विटांचा ढीग. ढिगातून पत्र्याच्या नळीवाटे धूर येत होता, कारण खाली तळघरात माणसे राहत होती. दोरीवर कपडे वाळत होते. एक चोवीस वर्षांची मुलगी पातेल्यातून बीटचे सूप वाढत होती आणि लोक रांगेत उभे राहून एकमेकांची थट्टा करत होते. फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, धुऊन पाहिली तर एकतीस माणसे, त्यांतली निम्मी हसणारी. मला ते आवडले नाही. विध्वंस छोटा दिसत होता. मला भव्य हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, “बाई, जरा बाजूला व्हा. आणि तो धूर पाच मिनिटं बंद करता येईल का?”

“अहो फोटोवाले, सूप काय तुमच्या फुंकरीवर उकळायचं?” ती म्हणाली. “राहू दे की वाफ. वुचच्या साहेबांना तेवढीच ऊब!”

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, “होऊ या ग बाजूला. गिरण्यांच्या धुरांड्यांच्या गावचा माणूस आहे, आपला एवढासा धूर त्याला कसा पटेल?”

सगळे हसले आणि बाजूला झाले. कपडेही काढले. भली माणसे होती. मग तीच युक्ती मी शहरभर वापरली. चौसष्ट फोटो काढले, एकातही माणूस नाही.

आयोगाच्या सभागृहात ते चौसष्ट फोटो टांगले होते. एक सभासद त्यांच्यासमोरून फिरून आले आणि म्हणाले, “तिथं जिवंत असं काही उरलेलंच नाही. कबरीवर राजधानी बांधायची का?” मी त्यांच्यापासून चार हात अंतरावर उभा होतो. ‘साहेब, तिथे सूप मिळते’ एवढेच म्हणायचे होते. म्हणालो नाही. लोक माझ्या फोटोंसमोर टोप्या काढत होते आणि मला बरे वाटत होते. दोन मतांच्या फरकाने निर्णय झाला. राजधानी वुचला आली आणि मला हे घर मिळाले.

मे महिन्यात तळघरांतल्या लोकांना ट्रकमध्ये घालून गावोगाव पांगवले. शहराभोवती कुंपण घातले गेले आणि ‘निर्मनुष्य क्षेत्र’ अशी पाटी लागली.

५. तीन वर्षांपूर्वी माझ्या दुकानात ओळखपत्राच्या फोटोसाठी एक बाई आल्या. मी सवयीने म्हणालो, “जरा बाजूला व्हा, डावीकडे.”

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिले. “अजून बाजूलाच करताय का हो लोकांना?”

त्या सूपवाल्या गेनोवेफा रिब्का. त्यांचा भाऊ लुद्विक त्या ऑगस्टमध्ये छावणीतून सुटून अठरा नंबर शोधत आला होता. पहारेकऱ्याने कुंपणापाशी सांगितले, इथे युद्धानंतर कोणीच राहत नव्हते, फोटो आहेत. बहीण मेली असे धरून तो खाणीत कामाला गेला आणि तिथेच वारला. बहिणीला हे पत्राने कळले, नऊ वर्षांनी. हे मी केले. दुसऱ्या कोणाच्या अंगावर ढकलायला मला जागा नाही.

६. पहिली काच, म्हणजे पासष्टावी, मी कधीच कोणाला दाखवली नाही. ती पिठाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. वॉर्साला परत जाऊ द्या, असा तळघरांतून हलवलेल्या त्या लोकांचा अर्ज आहे आणि पुढच्या महिन्यात त्याची सुनावणी आहे. सरकारचे उत्तर तेच आहे: तिथे कोणी नव्हते, हे पाहा चौसष्ट फोटो. ही काच माझ्या मृत्यूनंतर अर्जदारांना द्यावी.

७. कलम ६ मधले शेवटचे वाक्य रद्द. मसुदा वाचून दाखवला तेव्हा गेनोवेफाबाई म्हणाल्या, “म्हणजे आम्ही तुमच्या मरणाची वाट बघत बसायचं? आणि सुनावणी आधी झाली तर? मेल्यावर तुम्हाला कोण काय विचारणार? शूरच आहात!” खरे आहे. मेल्यावर कबूल करणे मला सोयीचे होते. काच मी आज त्यांच्या हातात दिली. सुनावणीला मी स्वतः जाईन, खोकत का होईना.

८. घर गेनोवेफाबाईंना द्यायचे मी ठरवले होते. त्यांना साक्षीदार म्हणूनही सही करायची होती. नोटरी म्हणाले, “ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. दोन्हीपैकी एक ठरवा.”

“मग घर नको,” त्या म्हणाल्या.

“बाई, तीन खोल्या आहेत,” मी म्हणालो. “मागे चेरीचं झाड आहे.”

“चेरी तुम्हीच खा. एकदा मला फोटोतून काढलंत. या कागदावरून मी हलणार नाही.”

तेव्हा घर नाइलाजाने काझिकला. अट एकच: पासष्टाव्या काचेचा मोठा फोटो समोरच्या खोलीत लावावा आणि आल्यागेल्याला ती माणसे मोजायला सांगावे.

वरील सर्व वाचून, समजून, लाज वाटत असताना सही केली.

ठिकाण: वुच. तारीख: १७ नोव्हेंबर १९८०.

हिएरोनिम सोबचाक

साक्षीदार:

१. बोगुमिल त्राच, औषधविक्रेता, राहणार रूदा, वुच.

२. गेनोवेफा रिब्का, राहणार घर क्र. १८ चे तळघर, झ्वोता रस्ता, वॉर्सा.