निळा रंग, दुसरा हात

सोमवार, ३
होडी उलटी करून घेतली एकदाची! बाबा गेल्यापासून दोन वर्षं शेडमध्ये सुकत पडली होती. तोवर दादा फिरकला नाही, पण मी रंग आणला म्हटल्यावर हजर. "नेलपॉलिश लावायचंय वाटलं का?" वहिनीही हसल्या. बाबा मला म्हणाले होते, होडी तू सांभाळ. नुसतं तोंडी म्हणाले, लिहून काही ठेवलं नाही.

गुरुवार, ६
जुना रंग खरवडतेय. खांदे कामातून गेलेत. केसांत भुगा, चहात भुगा.

रविवार, ९
फळ्यांमधल्या फटींत बोट जाईल एवढी जागा. दुकानदाराने दिलेली पुट्टी ठासून भरली. वाळून दगड झाली. स्वतःवरच खूश!

शनिवार, १५
निळ्याचा दुसरा हात झाला. काय देखणी दिसतेय — आणि मी एकटीने केली!

संध्याकाळी सुतारकाका डोकावले. फटीवर नख वाजवलं आणि त्यांचा चेहराच पडला. "पोरी, सुकलेलं लाकूड पाण्यात फुगतं. ही पुट्टी त्याला जागा देणार नाही. दोन दिवसांत फळी उचकटेल. किनाऱ्यापासून लांब असलीस तर संपलंच. सगळी उकर, मऊ राहणारी पुट्टी भर."

म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. रडूच कोसळलं. काकांना म्हटलं, दादाला कळू देऊ नका, तो जन्मभर ऐकवेल.

रविवार, १६
उकरायला बसणार, तेवढ्यात दादा. होडीभोवती फिरला. "छान" म्हणाला — आयुष्यात पहिल्यांदा! आणि लगेच, "गिऱ्हाईक ठरलंय. उद्या पाण्यात सोडू, बुधवारी मीच वल्हवत पलीकडे नेऊन देतो. कागदावर नाव माझं आहे, तुला काय विचारायचं?"

दोन आठवडे हाडं झिजवली मी! पुट्टीचं ओठांवर आलं होतं. गिळलं. ने म्हटलं, खुशाल ने.

सोमवार, १७
सोडली. आत थेंबभर पाणी नाही. दादाने सगळ्यांसमोर पाठ थोपटली — होडीची.

मंगळवार, १८
पोहता येतं त्याला. चांगलं येतं. होईल फजिती, होऊ दे!

दोनदा फोन उचलला. ठेवला.

बुधवार, १९
मुद्दाम उशिरा उठले. वहिनींचा फोन. "ताई, हे निघाले सकाळीच. आमच्या धाकटीलाही नेलंय. आत्याने रंगवलेल्या होडीतून जायचंच म्हणून हटूनच बसली."