आम्राच्या बापाची कॅसेट

३ नोव्हें.
नाही म्हटलं ना, मला काय ठाऊक तुझी कॅसेट कुठाय! सुनेला एवढं बोलून स्वयंपाकघरात आले. ती सकाळपासून गॅरेजमधली खोकी उपसतेय. नाव आम्रा, मी आंबा म्हणते. बोस्नियातल्या साराजेवोची. लढाई संपल्यावर तिथल्या एका सिनेमा थेटराचं काय झालं, लोकांना काय आठवतं, याची फिल्म करतेय. तिचा बाप त्याच थेटरात मशीन चालवायचा. त्याच्या आवाजाची एकच कॅसेट. तीच सापडेना.

५ नोव्हें.
पाऊस. अमेरिकेतल्या या बॉथेलात दुसरं काय असतं. आंब्यानं मलाच कॅमेऱ्यापुढं बसवलं. "आई, तुझा पयला सिनेमा?" हे 'पयला' मीच शिकवलंय, माझा सुनील चिडतो.
सांगितलं, जत्रेतला तंबू. पुरुष पडद्यापुढं, बायका पडद्यामागं. अक्षरं उलटी, हिरो डावखुरा. लग्नात हे उजव्या हातानं जेवायला लागले तर वाटलं, फसवलं की मला!
खूप हसली. मग इंग्लिशमधे काहीतरी. सुनीलनं सांगितलं, बापाच्या पडद्याला गोळ्यांची भोकं पडलेली, तरी तो तसाच खेळ लावायचा.

८ नोव्हें.
सुनील : "आई, बाबा आजारी होते तेव्हा टेपरेकॉर्डर तुझ्याकडे होता ना?"
"मग? म्हातारीवर केस कर."
हसला नाही. आंबा जेवली नाही. फिल्म कॅन्सल करते म्हणे. बापाचा चेहरा आठवतो तिला, आवाज आठवतच नाही.

९ नोव्हें.
आंब्यानं माझ्या केसांना तेल लावलं. "आई, सॉरी. तुला किती विचारलं." डोकं दुखतंय म्हणून उठून गेले. दुखत नव्हतं.

१० नोव्हें.
माझ्या बॅगेत आहे, नऊवारीच्या घडीत. बारा वर्षं झाली. हे शेवटच्या दुखण्यात पडलेले. जन्मभर 'अगं ए' शिवाय हाक नाही. म्हटलं, एकदा नाव घ्या की हो, मशीनमधे ठेवते. हसले, म्हणाले आण. गॅरेजमधे आम्राच्या खोक्यात मिळाली ती लावली.
"गोदा", एवढंच म्हणाले. मग दम लागला. पण पुढं तासभर चालूच ठेवली. श्वास तरी राहू दे म्हणून.
सगळ्यांना वाटेल म्हातारीला काय कळतंय, रिकामी समजली असेल. रिकामी नव्हती. आधी लावून बघितली होती मी. कुणी पुरुष बोलत होता, मधेच खोकला, हसला. भाषा आम्राची. तिचा बाप आहे हे मला कळलं होतं.
कळून पुसला.