आईचं पांढरं लुगडं

दसरा, १९७४. संध्याकाळ.

पाय दुखताहेत, पण लिहून टाकतो. दीक्षाभूमीवर जायला निघालो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. वाटेत आई म्हणाली, "रोज सकायी दुर्बीण घेऊन कुठं जातं गा तू? मले दाखव." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं तिनं. आधी अंबाझरी तलावावर घेऊन गेलो.

आजचा दिवस म्हणून दोघंही पांढऱ्या कपड्यांत. पाखरं पाहायला पांढरं घालून जाऊ नये, हे मला ठाऊक आहे. एरवी मी कंपनीचा खाकी शर्ट चढवतो. पण आई ते लुगडं वर्षातून एकदाच पेटीतून काढते. माझ्या पिशवीत मातकट चादर होती. आजच्या दिवशी ते पांढरं झाक, असं म्हणायला जीभ रेटली नाही.

व्हायचं तेच झालं. उत्तरेकडून नुकतीच आलेली बदकं काठालगत होती. आईच्या हातात दुर्बीण देतो न देतो, तोच सगळा थवा उडून पलीकडे गेला.

"माह्यानं उडाले का गा?"

"नाही वं माय, ते असेच उडतेत."

पटलं नसावं. पदर आवरून, अंग चोरून बसली बिचारी. चादरीचं बोलायला हवं होतं का? दिवसभर तेच मनात.

आत्ता लुगड्याची घडी पेटीत ठेवता ठेवता म्हणाली, "उद्या जुनं मातकट नेसतो मी. मग पाहू, कसे उडतेत ते!"