खोक्यावर बसून पृथ्वीची चिंता

३ मार्च, सकाळी ७
ठरलं. उरलेलं आयुष्य हवामान बदलावर काम करायचं. सत्तावीस वर्षं लोकांचे फ्रीज आणि एसी दुरुस्त केले, पृथ्वीसाठी काय केलं? शून्य. दुकानात नेहमीच्या खोक्यावर बसून प्रार्थना केली. मालकांनी कधीकाळी तपासणीवाल्यांना दाखवायला आणलेलं कसलंसं मशीन आहे त्यात. कुणी उघडलं नाही, पण बसायला उंची बेताची. त्यावर मन लागतं. देवाला म्हटलं, मार्ग दाखव.

५ मार्च
पर्यावरण संस्थेत जागा निघाली आहे. फोन केला. बाई म्हणाल्या, ऑनलाइन अर्ज भरा. अर्ज इंग्रजीत. गावच्या शाळेत गुरुजींनी अक्षर वळणदार करून दिलं, पण इथे वळणाला कोण विचारतो? मुलीला भरायला बसवलं. म्हणाली, बाबा, अनुभवाच्या रकान्यात काय लिहू? म्हटलं, तळमळ लिही.

९ मार्च
संस्थेचा वेबिनार, दुपारी तीनला. नेमका अडीचला हॉटेलचा मोठा फ्रीज. जुना गॅस नेहमीसारखा हवेत सोडला, नवा भरला, पळालो. तरी सुरुवात हुकलीच. पोटापाण्याच्या कामातून पृथ्वीकडे बघायला सवड मिळेल तर शपथ.

१३ मार्च
आजपासून लिफ्ट बंद. वीज वाचवायची. ही म्हणाली, अहो, पृथ्वी वाचेल, पण तुम्हाला चौथ्या मजल्यावर कोण उचलून आणणार? हिला व्यापक विचार जमत नाही.

१४ मार्च
लिफ्टने आलो. हत्यारांची पिशवी जड होती. तशी रोजच असते.

१९ मार्च
मुलाखतीचं बोलावणं! प्रार्थना फळली. तयारीला वेळ हवा म्हणून चार एसींचा गॅस भराभर उडवून लवकर निघालो. मालक म्हणाले, कुठे, जग वाचवायला? म्हटलं, हो. हसले. हसू देत.

२२ मार्च
मुलाखत झाली. साहेब साधे. विचारलं, जुना गॅस कसा काढता? माझ्या कामाबद्दल कुणी एवढ्या आस्थेने कधी विचारलं नव्हतं. सगळं सांगितलं. नळी कापायची, तोंड बाजूला करायचं, फुस्स. दिवसाला पाच-सहा. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपट उष्णता धरून ठेवतो. सत्तावीस वर्षं सोडताय? म्हटलं, सुट्ट्या वगळून.
जागा मिळाली नाही. म्हणाले, नोकरी बदलू नका, पद्धत बदला. गॅस ओढून टाकीत भरणारं मशीन येतं, मालकांना मागा. माहितीचा कागद दिला, त्यावर मशीनचं चित्र. चित्र ओळखीचं वाटलं. खोक्यावर तेच आहे. मी रोज त्यावर बसतो.

२४ मार्च
खोकं फोडलं. प्रार्थना उभ्यानेच केली. मार्ग दाखव म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.
मालक म्हणाले, एकेका कामाला अर्धा तास जास्त लागेल, तो कोण देणार? म्हटलं, मी. लवकर येत जाईन.
पहिलं काम हॉटेलचंच. मशीन उचलून नेलं, वायर लावली, बटण कुठलं ते वाचत होतो. तोवर दुसऱ्या हाताने सवयीने नळी कापली. फुस्स.
हॉटेलवाला म्हणाला, व्वा, आज तर पटकन झालं.

संध्याकाळी ६
उद्या आधी मशीन, मग कटर. वहीत लिहून काही होत नाही. हातावर लिहिलं आहे. वळणदार.